शाखेचं नाव बाजूला ठेवा, तिसऱ्या सत्राचा तक्ता उघडा

सीईटीचा निकाल लागला की वाचकांकडून दरवर्षी तेच प्रश्न येतात. ‘कॉम्प्युटर मिळत नाहीये, इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर मिळतंय. ते कॉम्प्युटरच असतं ना?’ ‘इलेक्ट्रिकल घेतलं तर सॉफ्टवेअरमध्ये जाता येतं का?’ ‘ईएनटीसी आणि इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन यांत फरक काय?’ ‘इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर असं नाव पहिल्यांदाच ऐकतोय, पुढे अडचण येईल का?’ विचारणारे बहुतेक पालक असतात. हातात मागच्या वर्षीची कटऑफ यादी असते आणि ऑप्शन फॉर्म भरायला दोन-तीन दिवस उरलेले असतात.

कटऑफ यादी एवढंच सांगते, की गेल्या वर्षी लोकांनी काय मागितलं. तुमच्या मुलाला किंवा मुलीला चार वर्षं काय शिकावं लागेल, हे तिच्यात कुठेही लिहिलेलं नसतं. ते अभ्यासक्रमात लिहिलेलं असतं. तो विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतो, आणि तरी प्रवेशाआधी तो उघडून पाहणारी घरं फार थोडी. हा लेख तो कसा वाचायचा, त्यातून निर्णय कसा काढायचा आणि कुठे जपायचं, एवढ्यापुरताच आहे.

कोणत्या नावाखाली काय असतं

- इलेक्ट्रिकल : वीज तयार करणं, वाहून नेणं, वापरणं आणि या सगळ्यावर नियंत्रण ठेवणं. ट्रान्सफॉर्मर, मोटर, जनरेटर यांचे ‘मशीन्स’चे विषय, पॉवर सिस्टीम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल सिस्टीम, स्विचगिअर अँड प्रोटेक्शन.
- ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन : अॅनालॉग आणि डिजिटल सर्किट, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, कम्युनिकेशन, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, मायक्रोकंट्रोलर, व्हीएलएसआय. इतर राज्यांत याच्या अगदी जवळची शाखा ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन’ या नावाने चालते.
- कॉम्प्युटर : डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क्स, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. आयटी आणि एआय-डेटा सायन्स याच कुटुंबातल्या शाखा.
- इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर : वरच्या दोन-दोन शाखांतून निवडलेले विषय. काय निवडलं आणि काय गाळलं, हे कॉलेजागणिक बदलतं.
- इलेक्ट्रॉनिक्स (व्हीएलएसआय डिझाइन अँड टेक्नॉलॉजी) : चिप तयार करण्याकडे रोख असलेली तुलनेने नवी शाखा. २०२३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, तिचा नमुना अभ्यासक्रम काढला.

‘ईसीई’ हे लघुरूप दिसलं, तर पूर्ण नाव पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. भारतात त्याचा अर्थ बहुधा इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन असतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत तो इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर असतो, आणि आपल्याकडची काही कॉलेजं इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटरसाठीही तेच लिहितात. तीन वेगळे अभ्यासक्रम एका लघुरूपाखाली येतात, म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका. ऑप्शन फॉर्ममध्ये चॉइस कोडसमोर शाखेचं जे पूर्ण नाव छापलेलं असतं, तेच खरं.

तक्ता कसा वाचायचा

पहिलं वर्ष सगळ्या शाखांचं जवळजवळ सारखंच असतं. गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, बेसिक इलेक्ट्रिकल, प्रोग्रॅमिंग, ड्रॉइंग, वर्कशॉप. त्यावरून काही ठरवू नका. चौथ्या वर्षात प्रोजेक्ट, इंटर्नशिप आणि इलेक्टिव्ह असतात. शाखेचा खरा स्वभाव तिसऱ्या ते सहाव्या सत्रात, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात दिसतो. अभ्यासक्रमाच्या पीडीएफमधली तेवढी चार पानं छापून घ्या.

आता ती वाचण्याची रीत :

1. प्रत्येक विषयासमोर क्रेडिट दिलेले असतात. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे १ क्रेडिट, दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे १ क्रेडिट. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्राने आखलेल्या चौकटीत चार वर्षांची बेरीज १६० ते १७६ क्रेडिट येते, म्हणजे एका सत्राला साधारण २० ते २२.
2. तीन रंगांची पेनं घ्या. वीज-इलेक्ट्रॉनिक्सचे विषय एका रंगाने, प्रोग्रॅमिंग-सॉफ्टवेअरचे दुसऱ्याने, गणिताचे तिसऱ्याने अधोरेखित करा. चारही सत्रांतल्या प्रत्येक रंगाच्या क्रेडिटची बेरीज करा.
3. प्रॅक्टिकलची वेगळी बेरीज करा. ‘प्रोग्रॅमिंग आहे’ असं सांगितलेला विषय लॅबशिवाय नुसता व्याख्यानाचा असेल, तर त्यातून हाताला काही येणार नाही.
4. हेच कॉलेज किंवा विद्यापीठ शुद्ध कॉम्प्युटर आणि शुद्ध इलेक्ट्रिकल किंवा ईएनटीसी शिकवत असेल, तर त्यांचेही तक्ते शेजारी ठेवा. जोडनावाच्या शाखेत कुठून काय घेतलं, ते लगेच डोळ्यांसमोर येतं.

हे केल्यावर बहुतेक घरांत दोन समजुती गळून पडतात.

पहिली समजूत अशी, की ईएनटीसीत प्रोग्रॅमिंग नसतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा २०१९ चा पॅटर्न घ्या. ईएनटीसीच्या दुसऱ्या वर्षातच डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग होतं, तिसऱ्या वर्षी डेटाबेस मॅनेजमेंट. उलट त्याच पॅटर्नमध्ये कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि मायक्रोप्रोसेसर चुकलेलं नव्हतं. ‘मला इलेक्ट्रॉनिक्स अजिबात नको, म्हणून कॉम्प्युटर’ असं म्हणणाऱ्याला तिथेही लॉजिक गेट्स भेटतातच. आता नवा पॅटर्न आला आहे, त्यामुळे तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीचाच तक्ता उघडा. सीनिअरने पाठवलेली जुनी पीडीएफ चालणार नाही.

दुसरी समजूत अशी, की जोडनावाची शाखा म्हणजे दोन पदव्या एकात. चार वर्षं तेवढीच आणि क्रेडिटही तेवढेच, त्यामुळे काहीतरी गाळावंच लागतं. इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटरमध्ये बहुधा मशीन्सचे आणि पॉवर सिस्टीमचे दोन-दोन विषय एकेकात आवळले जातात, आणि हाय व्होल्टेजसारखे विषय इलेक्टिव्हमध्ये जातात. इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटरमध्ये इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, मायक्रोवेव्ह मागे पडतात. कॉम्प्युटरच्या बाजूने थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि कंपायलर बहुधा दिसत नाहीत. मग अशी शाखा वाईट का? मुळीच नाही. गाडीतला कंट्रोलर, सोलर इन्व्हर्टर, कारखान्यातलं ऑटोमेशन, वैद्यकीय उपकरणं, ड्रोन, या सगळ्यांत सर्किटवर चालणारा कोड लिहावा लागतो. ते काम आवडणाऱ्या मुलांसाठी ही जोडी उत्तम आहे. मात्र ‘मागच्या दाराने कॉम्प्युटर’ म्हणून ती घेणाऱ्याची फसगत होते, कारण तिसऱ्या सत्रापासून त्याला नको असलेल्या विषयांनी निम्मा आठवडा भरतो.

जोडशाखेचा तक्ता चांगला आहे की नाही, हे पाहायला पुढचे विषय शोधा. डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, मायक्रोकंट्रोलर किंवा एम्बेडेड सिस्टिम्स, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क्स, कंट्रोल. हे आठही मुख्य विषय म्हणून असतील, तर तक्ता विचारपूर्वक बांधलेला आहे. नुसता इलेक्ट्रॉनिक्सचा जुना तक्ता ठेवून शेवटी पायथन, क्लाउड आणि मशीन लर्निंग चिकटवलेलं असेल, आणि ऑपरेटिंग सिस्टीम व आर्किटेक्चरचा पत्ता नसेल, तर नावात ‘कॉम्प्युटर’ कशासाठी आलं हे उघड आहे. अशा ठिकाणी साधं ईएनटीसी घ्या. निदान एक गोष्ट तरी नीट शिकाल.

कोणतं गणित, हे आधी विचारा

या शाखा निवडताना सर्वांत कमी विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त उपयोगी प्रश्न हा आहे. गणित सगळीकडे आहे, पण ते एकाच जातीचं नाही.

इलेक्ट्रिकल आणि ईएनटीसीत डिफरन्शियल इक्वेशन्स, कॉम्प्लेक्स नंबर, लाप्लास आणि फुरिए ट्रान्सफॉर्म रोजच्या वापरात येतात. एसी सर्किट सोडवायला कॉम्प्लेक्स नंबर, कंट्रोल सिस्टीमला लाप्लास, सिग्नलला फुरिए. एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचा तिसरा पेपर, अनेकांना जड जातो, कारण तो सुटा विषय वाटतो. प्रत्यक्षात पुढचे निम्मे विषय त्याच्यावर उभे असतात. कॉम्प्युटरमध्ये भर असतो डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सवर, म्हणजे सेट, लॉजिक, ग्राफ, मोजणीच्या पद्धती. संभाव्यता आणि संख्याशास्त्र दोन्हीकडे लागतं. मशीन लर्निंग करायचं असेल, तर लिनिअर अल्जेब्राही पक्कं लागतं.

तेव्हा मुलाला विचारा, बारावीत इंटिग्रेशन करताना मन रमत होतं की कंटाळा येत होता? कॉम्प्लेक्स नंबर समजले होते की पाठ केले होते? उत्तर ‘कंटाळा’ आणि ‘पाठ केले’ असं असेल, तर ‘कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून ईएनटीसी’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला त्याच्यासाठी घातक आहे. सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये बॅकलॉग राहतो, तो पुढच्या कम्युनिकेशनच्या विषयांना अडवतो आणि हुशार मूल स्वतःला मठ्ठ समजू लागतं. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

मुलींच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. ‘इलेक्ट्रिकल म्हणजे साइटवर जावं लागतं’ असं म्हणून घरचे तो पर्याय यादीतूनच काढून टाकतात. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं डिझाइन, ग्रिडचा भार आणि दोष यांचं सिम्युलेशन, प्रोटेक्शन रिलेचं सेटिंग, मोटर कंट्रोलचं सॉफ्टवेअर ही सगळी इलेक्ट्रिकलची कामं टेबलावर आणि प्रयोगशाळेत होतात. आणि साइटवर जायला आवडणाऱ्या मुलीही असतात. पर्याय काढायचाच असेल, तर तिला विचारून काढा.

‘उद्दिष्टं’ लिहिलेलं पान वगळू नका

अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला पीईओ, पीओ, पीएसओ अशी अक्षरं असलेली एक-दोन पानं असतात. सगळे ती उलटून पुढे जातात. त्यांचा उपयोग असा :

- पीईओ म्हणजे पदवीनंतर काही वर्षांनी विद्यार्थी कुठे असावा, याबद्दल विभागाने ठरवलेलं उद्दिष्ट.
- पीओ म्हणजे पदवी घेताना प्रत्येकाला काय आलं पाहिजे. ही यादी राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, म्हणजे एनबीए, ठरवतं. पूर्वी तिच्यात १२ मुद्दे होते, नव्या आराखड्यात ११ आहेत. गणित-विज्ञानाचं ज्ञान, प्रश्नाचं विश्लेषण, डिझाइन, आधुनिक साधनांचा वापर, नीतिमत्ता, गटात काम, संवाद, आयुष्यभर शिकत राहणं, असे ते मुद्दे.
- पीएसओ फक्त त्या शाखेसाठी, विभागाने स्वतः लिहिलेले. दोन ते चार असतात.

पीओ सगळ्या कॉलेजांत शब्दशः सारखेच असणार. तुम्ही पीएसओ वाचा. इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटरच्या पीएसओत ‘एम्बेडेड सिस्टीम तयार करता येईल’ असं काही ठोस लिहिलेलं असेल, आणि तक्त्यात त्याला पुरे पडतील एवढे विषय आणि लॅब असतील, तर विभागाला आपण काय शिकवतो आहोत हे माहीत आहे. पीएसओ इतके गुळगुळीत असतील की ते मेकॅनिकललाही चालतील, तर विभागप्रमुखांना भेटून सरळ विचारा. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ते पान तुमच्यासाठीच छापलेलं असतं.

प्रत्येक विषयाखाली ‘कोर्स आउटकम’ही असतात. प्रवेशानंतर विद्यार्थ्यांनी ते जपून ठेवावेत. प्रश्नपत्रिका त्यांच्यावर बेतलेली असते, आणि एखादं युनिट शिकवलंच गेलं नाही, तर तक्रारीला आधार म्हणून तेच दाखवता येतात.

मायनर, इलेक्टिव्ह : कशावर किती भिस्त ठेवायची

राज्याच्या नव्या चौकटीत प्रत्येकाला दुसऱ्या शाखेतला १४ क्रेडिटचा मल्टिडिसिप्लिनरी मायनर घ्यावा लागतो. इंटर्नशिपला १२ क्रेडिट आहेत, ओपन इलेक्टिव्हला ८. याचा अर्थ, इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी कॉम्प्युटरचे काही विषय रीतसर शिकू शकतो आणि ते गुणपत्रिकेवर येतात. बरेच जण ज्यासाठी जोडनावाची शाखा घेऊ पाहतात, ते काम कधी कधी शुद्ध शाखा आणि नीट निवडलेला मायनर यांनी होतं. माझा स्वतःचा कल याच बाजूला आहे. पदवीवर ओळखीचं नाव राहतं आणि मनाजोगे विषयही मिळतात.

इथे जपायच्या गोष्टी :

- मायनरची यादी कागदावर मोठी असते, प्रत्यक्षात दोन-तीनच चालवले जातात. मागच्या वर्षी कोणते मायनर खरोखर चालले, ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा.
- मागणी जास्त असलेला मायनर एसजीपीएवर वाटतात. पहिल्या वर्षाचे गुण त्यासाठी मोजले जातात.
- इलेक्टिव्हला किमान संख्या लागते. तुम्हाला हवा तो विषय पाचच जणांनी मागितला, तर तो रद्द होतो.
- स्वयम्, एनपीटीईएलचे अभ्यासक्रम क्रेडिटसाठी धरले जातात, १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारण ३ क्रेडिट. पण नाव नोंदवण्याआधी विभागाची लेखी मान्यता घ्या. परीक्षा देऊन आल्यावर ‘हा आमच्या यादीत नाही’ असं ऐकावं लागू नये.

नोकरीच्या जाहिरातीत शाखेचं नाव

सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी बऱ्याच जणी शाखा पाहत नाहीत, कोडिंगची चाचणी घेतात. तिथे इलेक्ट्रिकलवाला अडत नाही, फक्त डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम त्याला स्वतःच्या वेळात पक्के करावे लागतात.

सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रात मात्र पदवीवरचं नाव निर्णायक ठरतं. यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा चारच शाखांसाठी होते : सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. कॉम्प्युटरची वेगळी शाखा तिथे नाही. एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेतही भरती सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलसाठी होते. महावितरण, महापारेषण, महानिर्मितीतल्या विद्युत अभियंता पदांना विजेचीच पदवी लागते. ‘गेट’ला इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, कॉम्प्युटर सायन्स असे वेगळे पेपर आहेत, आणि २०२४ पासून डेटा सायन्स व एआयचाही. पेपर कोणताही निवडला, तरी सार्वजनिक कंपन्या मुलाखतीला बोलावताना पदवीची शाखाही पाहतात.

म्हणून असं काही मनात असेल, तर प्रवेशाआधी त्या पदाची अलीकडची मूळ जाहिरात काढा आणि पात्रतेच्या रकान्यात तुमच्या शाखेचं अचूक नाव आहे का ते पाहा. जोडनावाची पदवी असलेल्यांना कधी कधी समकक्षतेचं पत्र आणावं लागतं. कोणती शाखा कोणत्या मुख्य शाखेत मोडते, याची यादी एआयसीटीईने राजपत्रात दिलेली आहे. तुमच्या शाखेचं नाव त्यात आहे की नाही, हे कॉलेजला विचारा.

परदेशी जायचं असेल तर

अमेरिकेत इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर हे दोन विषय एकाच विभागात नांदण्याची पद्धत रुळलेली आहे. कार्नेगी मेलनमध्ये पदवीच इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची आहे. इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेनला, विभाग एक आणि इलेक्ट्रिकल व कॉम्प्युटर इंजिनिअरिंग अशा पदव्या दोन. त्यामुळे एमएससाठी अर्ज करताना ‘आमच्याकडे जोडशाखा होती’ हे तिथे कुणाला खटकत नाही. ते गुणपत्रिकेवरचे विषय पाहतात, आणि सिग्नल्स, प्रोबॅबिलिटी, आर्किटेक्चर यांपैकी काही नसेल तर ते आधी पूर्ण करायला सांगू शकतात. प्रत्येक विषयाचा सविस्तर सिलॅबस पदवी हातात येईपर्यंत सांभाळून ठेवा.

अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये स्थायी सदस्य झाला. त्याचा फायदा एनबीएने टिअर-वन म्हणून मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो, आणि तिथे पोहोचतात ती स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांचे विभाग. ‘आमचं कॉलेज एनबीएचं आहे’ असं कुणी म्हटलं, तर विचारा : कोणती शाखा, कोणता टिअर, कोणत्या वर्षापर्यंत? एनबीए एकेका शाखेला मुदतीपुरती मान्यता देतं. संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन नॅक करतं. कॉलेजला नॅकची वरची श्रेणी आणि तुमच्या शाखेला एनबीए नाही, असं सहज असू शकतं. नव्याने सुरू झालेल्या जोडशाखेची पहिली तुकडी बाहेर पडायची असेल, तर तिला एनबीए असण्याची शक्यता नाही.

कॉलेजात गेल्यावर

इमारत पाहून या, पण त्या पलीकडे एवढं तरी करा :

- लॅब उघडायला सांगा. ऑसिलोस्कोप, मशीन लॅबमधले सेट चालू आहेत का? एका सेटवर किती मुलं बसतात?
- विभागात नियमित प्राध्यापक किती आणि विद्यार्थी किती? एआयसीटीईचं प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. २०२४ पासून एका शाखेतल्या जागांवरची वरची मर्यादा उठल्याने बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर आणि त्याच्या जवळच्या शाखांच्या जागा वाढल्या. त्या प्रमाणात शिक्षक वाढले का, हे विचाराच.
- जोडशाखेत ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटा स्ट्रक्चर्स कोण शिकवतं? कॉम्प्युटर विभागातले शिक्षक, की वेळ निभावून नेणारे दुसरे कुणी?
- प्लेसमेंटचा आकडा त्या शाखेचा वेगळा मागा, आणि सरासरीऐवजी मध्यक मागा. एका मोठ्या पगाराने सरासरी फुगते.
- तिसऱ्या वर्षातल्या दोन मुलांशी एकांतात बोला.

ऑप्शन फॉर्म भरताना

२०२५ च्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, चार फेऱ्या होत्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय मिळाला, तर तो घेणं बंधनकारक होतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तर तेच. त्यामुळे ‘वर काहीही टाकू, मग बघू’ हे आता चालत नाही. न वाचलेल्या अभ्यासक्रमाचा चॉइस कोड पहिल्या सहांत असता कामा नये. तुमच्या वर्षीचं माहितीपुस्तक सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊन नियम त्यातच पाहा.

आणखी एक. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर शिक्षण शुल्क माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागांचा वेगळा चॉइस कोड भरावा लागतो. तो न भरल्यामुळे दरवर्षी पात्र मुलं पूर्ण शुल्क भरतात.

तुमचे हक्क

- खासगी विनाअनुदानित कॉलेजचं शुल्क दरवर्षी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते जाहीर असतं. त्यावर एक रुपयाही देऊ नका, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.
- ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. ती कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळते. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात प्रवेश घेतल्यास मिळत नाही. ‘शाखा चांगली मिळते म्हणून कोट्यातून घेऊ’ असं ठरवण्याआधी ही रक्कम मोजा.
- ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला, तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकी शुल्क परत मिळालं पाहिजे. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कोणत्याही कॉलेजला नाही.
- तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे. विद्यापीठाची फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाची सोय असतेच. तिची मुदत मोजक्या दिवसांची असते, ती चुकवू नका.
- दाद मागायची असेल, तर आधी कॉलेजची तक्रार निवारण समिती, मग विद्यापीठाचे लोकपाल, आणि प्रवेश-शुल्काबाबत तंत्रशिक्षण संचालनालयाचं विभागीय कार्यालय. ही विभागीय कार्यालयं मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर इथे आहेत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

डिप्लोमावाल्यांसाठी आणि शाखा बदलू पाहणाऱ्यांसाठी

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचा हात प्रॅक्टिकलमध्ये बसलेला असतो, गणितात मात्र त्यांचा एम-वन, एम-टू झालेला नसतो आणि तिसऱ्या सत्रात एम-थ्री समोर येतो. डिप्लोमाचा निकाल आणि कॉलेज सुरू होणं यांमध्ये जे आठवडे मिळतात, त्यात इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि कॉम्प्लेक्स नंबर एवढंच करा. कॉलेजने ब्रिज कोर्स ठेवला असेल, तर तो चुकवू नका. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा असेल आणि कॉम्प्युटरला जायचं असेल, तर पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंगही स्वतःच भरून काढावं लागेल.

पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते, पण हव्या त्या शाखेत जागा रिकामी असेल आणि गुणवत्तेनुसार तुमचा क्रमांक लागला तरच. कॉम्प्युटरच्या जागा फार क्वचित रिकाम्या होतात. त्या भरवशावर प्रवेश घेऊ नका. घेतलाच असेल, तर पहिल्या वर्षाचा निकाल लागताच कार्यालयात जाऊन अर्जाची तारीख विचारा, कारण ती सूचना फलकावर लागते आणि मुदत थोड्याच दिवसांची असते. शाखाबदलाच्या यादीत नाव नाही आलं, तर त्याच आठवड्यात मायनरचा अर्ज भरा. त्याचीही मुदत साधारण तेव्हाच असते.